किती वेचला?

मंगळवार, रात्र

रविवारी काकूंशी खोटं बोलले. गरज काहीच नव्हती.

पहाटे फाट्यापर्यंत धावले आणि परतताना कंबरेत उसण भरली. उजवीकडे, सलवारीची नाडी बसते त्या रेषेत अशी कळ आली की पुढचं पाऊल टाकवेना. किलोमीटरच्या दगडाला धरून उभी राहिले. पोलीस भरतीची पोरं शेजारून निघून गेली. पोरींना ८०० मीटर मारायचे असतात, पोरांना १६००. त्यांना थांबायला वेळ कुठून असणार! कंबर धरून हळूहळू निघाले, तर पांदणीच्या तोंडाशी कापूस वेचणीच्या बाया भेटल्या, त्यांत काकू. ओट्या बांधलेल्या, हातात डबे.

"काऊन वो बाई, कंबर धरली? वेचाले गेल्ती का काल?"

"हो," मी म्हणाले. "मायच्या वावरात."

पायात बूट होते माझ्या. काकूंनी ते पाहिले की नाही, हेच तेव्हापासून घोळतंय.

संध्याकाळी काकू घरी आल्या, मोहाच्या तेलाची बाटली घेऊन. दिवसभर वाकून आल्या होत्या, तरी मला पालथं पाडून तेल लावायला बसल्या. बोंडाच्या टोकांनी त्यांची बोटं पार ओरखडली आहेत, नखांच्या कडा फाटल्यात. ती खरखरीत बोटं माझ्या कंबरेवरून फिरत होती. "नव्या माणसानं एका दमात एवढं वाकू नये," म्हणाल्या. मग विचारलं, "किती वेचला?"

मी म्हणाले, "वीस किलो."

त्या स्वतः चाळीसच्या वर वेचतात. माझे वीस ऐकून म्हणाल्या, "बरा झाला की." उशीत तोंड होतं म्हणून बरं.

का बोलले मी असं? वेचून दुखलं तर ते दुखणं कामाचं, त्याला तेल मिळतं. धावून दुखलं तर ते कोणाचं? ज्या गावात बायांची पाठ निंदण-वेचणीतच वाकते, तिथे मी दिवसभर सेतू केंद्राच्या खुर्चीत बसते आणि पहाटे उठून रिकामीच धावते. घरीही हेच ऐकलं, "तुले कोनं सांगतलं होतं?" कोणी नव्हतं सांगितलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा काही स्वतःसाठी धरलं आणि दोन-अडीच महिन्यांत कंबरच गेली. रविवारी रात्री फार रडू आलं. बाबांची शेवटची दोन वर्षं आठवली. ते इथे लिहीत नाही.

काल यवतमाळला फिजिओकडे गेले. एसटीत बसणं उभं राहण्यापेक्षा अवघड गेलं. मला वाटत होतं आधी फोटो काढायला लावतील, एमआरआय सांगतील. बाईंनी नुसते प्रश्न विचारले. कळ गुडघ्याच्या खाली उतरते का? पायाला मुंग्या येतात का, पाऊल लुळं पडतं का? बसायच्या जागी बधिरपणा आहे का? लघवी आवरत नाही असं होतं का? ताप? यातलं काही असतं तर लगेच डॉक्टर गाठायचा होता. माझ्यात यातलं काहीच नाही. म्हणाल्या, मग आत्ता फोटोची गरज नाही. अशी कंबर बहुतेकदा काही आठवड्यांत सुटते, फक्त अंथरूण धरू नका. चालत राहा.

नंतर मला कॉटवर उताणं झोपवलं, गुडघे मोडून ढुंगण वर उचलायला सांगितलं. पाचव्यांदाच मांडीची मागची बाजू थरथरायला लागली. त्यांनी बोटानं दाबून दाखवलं: हे कुल्ल्याचे स्नायू खुर्चीत बसून ढिले पडलेत, पुढून जांघ आवळली आहे. मग धावताना सगळा भार कंबर ओढते. त्यात मी पोळ्यानंतर सुरू केलं, दोन किलोमीटरचे पाच तीन आठवड्यांत केले. भरतीच्या पोरांकडे पाहून लांब टांगा टाकत होते. पाऊल अंगाच्या फार पुढे पडलं की धक्का जास्त बसतो म्हणे. आता दोन आठवडे फक्त चालायचं. मग एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. पावलं लहान टाकायची.

म्हणजे मला धावायची मनाई नाही. हे ऐकून बाईंसमोरच डोळ्यांत पाणी आलं.

आज पहाटे चालायला गेले. बूट घालूनच. पांदणीपाशी उभी राहिले, बाया येईपर्यंत. काकूंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, वेचलं नव्हतं, मी धावते, त्यानंच दुखलं. वीस किलोचंही सांगितलं. एवढं बोलेपर्यंत घसा कोरडा पडला.

काकूंनी बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढच्या बाया हाका मारत होत्या.

"किती धावतं?" त्यांनी विचारलं.

"पाच किलोमीटर. आता नाही, आता चालतेच."

"पाच," त्या म्हणाल्या. मनातल्या मनात कुठून कुठपर्यंत ते मोजत असाव्यात. "फाट्यालोक जाऊन वापस?"

"हो."

त्यांनी ओटीची गाठ पुन्हा आवळली. "तेल रोज लाव. बाटली राहू दे तुयापाशी."

आत्ता दहा वेळा कंबर उचलून झाली. पाच राहिल्यात.