खेरसन 2022, नोंद 11: पूल फुटला, घाट चालूच राहिला

2022 मध्ये युक्रेनने खेरसन रशियाकडून परत घेतलं, त्या लढाईवर मी पटावरचा युद्धखेळ बनवतोय, त्याची ही नोंद. मागच्या नोंदीत मी छाती पुढे काढून लिहिलं होतं की रसदीचे नियम आता गोठवले, फक्त काउंटर (सैन्याच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या) कापायचे राहिलेत. ते शब्द परत घेतो. गेल्या रविवारी सहावी प्लेटेस्ट, म्हणजे खेळून बघायची चाचणी, झाली आणि सतरा वळणांचा खेळ चौथ्या वळणात आटोपला.

मन्याकडे युक्रेन, माझ्याकडे रशिया. पहिल्या वळणात, म्हणजे 19 जुलैच्या आठवड्यात, त्याने हायमार्सचे (अग्निबाण डागणारा अमेरिकी ट्रक) दोन्ही पॉड, म्हणजे अग्निबाणांचे संच, खेरसनजवळ नीपर नदीवरच्या अँतोनिव्स्की पुलावर टाकले. फासा पाच. पूल बंद. दुसऱ्या वळणात त्याच नदीवरच्या नोवा काखोवकाच्या धरणावरचा रस्ता बंद. उजव्या काठावरचे, म्हणजे खेरसनच्या बाजूचे, माझे सगळे स्टॅक (काउंटरच्या चळती) रसदेबाहेर गेले. तिसऱ्या वळणात काउंटर उलटे, चौथ्यात पटाबाहेर. मन्याने खेरसनवर निळा काउंटर ठेवला आणि वर मलाच चहा टाकायला लावला.

प्रत्यक्षात काय झालं ते इथे सगळ्यांना पाठ आहे. पुलावर पहिला मारा 19 जुलैला, 26 तारखेच्या रात्रीच्या माऱ्यानंतर वाहतूक बंद, आणि युक्रेनचं सैन्य खेरसन शहरात शिरलं 11 नोव्हेंबरला. जवळपास चार महिने. माझ्या पटावर चार आठवडे.

दोष कुठे आहे हे जुन्या मंडळींच्या लगेच लक्षात येईल. सप्लाय ट्रेसचा, म्हणजे रसदीची वाट तपासायचा, नियम मी आपल्या पानिपतच्या खेळातून जसाच्या तसा उचलला होता. छावणीपासून ठाण्यापर्यंत शत्रूच्या झेडओसीत (त्याच्या काउंटरभोवतीच्या, त्याच्या धाकाखालच्या घरांत) न शिरता हेक्सची, म्हणजे पटावरच्या षट्कोनी घरांची, माळ लागली तर पोट भरलेलं, नाही लागली तर उपास. गोविंदपंत बुंदेले पडल्यानंतरच्या भाऊंच्या छावणीला हा नियम बऱ्यापैकी बसतो, कारण वाटेवर अब्दालीचे घोडेस्वार खरोखर फिरत होते. नीपरच्या त्या वाटेवर शत्रू उभाच नव्हता. वाट होती, तिच्यावरून माल पोचायला वेळ लागत होता, इतकंच. आणि या 'इतकंच'ला माझ्या नियमात जागाच नव्हती.

मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सांगतो. तेव्हाचा रशियन सेनापती सुरोविकिनने 9 नोव्हेंबरला टीव्हीवर तेव्हाचा संरक्षणमंत्री शोइगूसमोर उभं राहून सांगितलं की खेरसनला पुरेसा पुरवठा करता येत नाही, माघार घेऊ. दोनच दिवसांत रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की 30,000 हून जास्त सैनिक आणि सुमारे 5,000 वाहनं, शस्त्रं डाव्या काठावर आणली. आकडा त्यांचाच आहे, जपून घ्या. पण मोठा भाग सुखरूप निघाला यात वाद नाही. म्हणजे नदी ओलांडायच्या ज्या घाटावरून लढाईपुरता दारूगोळा येत नव्हता, त्याच घाटावरून अख्खं सैन्य बाहेर पडलं! पुलाचा शेवटचा घाव तर रशियनांनी जाताना स्वतःच घातला. चालू की बंद, अशा दोनच खुंट्यांच्या नियमात हे बसवून दाखवा कोणी.

तीन रात्री मी तक्ते खरडले. पुलाला पाच पायऱ्या दिल्या, मग आठ, मग परत पाच. काही जमेना. तोडगा निघाला तो देशपांडे काकांमुळे. काका खेळत नाहीत, पण रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं काढलेला माणूस. माझा तक्ता त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितला आणि म्हणाले, "गाडी पळते किती हे लिहिलंयस. उभी किती राहते ते कुठंय?"

मी म्हटलं, "काका, उभी कशाला राहील?"

"अरे, माल काय उडी मारून चढतो का?"

तिथून सगळं सुटत गेलं. रशियन तोफगोळे लाकडी पेट्यांत येतात आणि त्या बहुतेक वेळा माणसांच्या हातांनी चढतात-उतरतात. 152 मिलिमीटरचा नुसता गोळा साडेत्रेचाळीस किलोचा. पेटी आणि प्रक्षेपक दारू धरून मी एका फैरीला 75 किलो पकडतो (खेळापुरता आकडा, भांडू नका). सहा टनी कामाझ ट्रकमध्ये अशा 80 फैरी बसतात. सहा तोफांच्या बॅटरीने दिवसाला तोफेमागे चाळीस गोळे टाकले की तीन ट्रक रिकामे. ग्राड या अग्निबाण डागणाऱ्या ट्रकचं तर विचारूच नका. 40 नळ्या, प्रत्येक अग्निबाण 66 किलोच्या आसपास, म्हणजे वीस सेकंदांत अडीच टनांवर माल आकाशात. जवळपास अर्धा कामाझ. आणि तो भरायला हमालांनी किती वेळ घेतला असेल?

आता अंतर घाला. युक्रेनचे रूळही रशियासारखेच 1,520 मिलिमीटर रुंदीचे असल्याने रशियन गाड्या थेट आत येत होत्या आणि गोदामं स्टेशनाजवळ, आघाडीच्या पाठीला लागून होती. जूनअखेर हायमार्स आले, त्यांचे अग्निबाण 70 किलोमीटरच्या पुढे जातात. 11 जुलैच्या रात्री नोवा काखोवकाचं गोदाम उडालं. मग गोदामं मागे गेली, आणि मागे म्हणजे बघा, खेरसनपासून क्रिमियाच्या तोंडावरचं आर्मियान्स्क सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. ट्रक तेच, ड्रायव्हर तेच, फेऱ्या तिसऱ्या हिश्शावर. पुलाला हात लावायच्या आधीच निम्मं काम झालेलं होतं आणि मी मूर्खासारखा पुलाकडेच बघत बसलो होतो.

तर नवा नियम असा. ट्रेस रद्द. रशियाकडे ट्रकचे बारा काउंटर. गोदाम तीन हेक्सच्या आत असेल तर एक काउंटर वळणाला तीन खेपा करतो, आठच्या आत दोन, त्यापलीकडे एक. (हेक्स 10 किलोमीटरचा, हे बदललेलं नाही.) गोदाम कुठे ठेवायचं ते रशियन खेळाडूने ठरवायचं. जवळ ठेवलं तर खेपा जास्त, पण हायमार्सच्या तोंडी.

नदीला आता 'घाट क्षमता' आहे. अँतोनिव्स्की पूल धड असताना बारा खेपा. प्रत्येक माऱ्यानंतर फासा टाकून कमी करायच्या, आणि शून्य कधीच नाही, कारण 90 किलोच्या स्फोटकाग्राने 1,366 मीटरचा काँक्रीटचा पूल पडत नाही, त्याला भोकं पडतात. दुरुस्तीलाही फासा आहे. पुलाच्या सावलीत तराफ्यांची फेरी, प्रत्येक फेरी काउंटरमागे दोन खेपा. ही दोनची संख्या हवेतून आलेली नाही. मे महिन्यात गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे फेरीवर मी मोबाईल लावून वेळ मोजली होती, बायकोचे डोळे वटारलेले असताना. पाण्यावरचा वेळ किरकोळ. गाड्या पुढे-मागे करून चढवणं, उतरवणं, त्यात एक टेम्पोवाला आडवा अडकणं, वेळ जातो तो यात. आणि तिथे वरून कोणी अग्निबाण टाकत नव्हतं.

जे पार होत नाही ते 'रांग' खोक्यात जातं. रांगेत चारपेक्षा जास्त काउंटर साचले की युक्रेनला तिथे फुकट हल्ला. कीव्हच्या उत्तरेला 64 किलोमीटरची रांग उपग्रहाच्या फोटोंत सगळ्या जगाने बघितली, त्याची ही लहान आवृत्ती. या खोक्याला मी आधी गमतीने 'खाटीकखाना' असं नाव दिलं होतं. रात्री दोन वाजता ते पुसलं.

काल सातवी टेस्ट. बाजू बदलल्या, मन्या रशिया. आणि मंडळी, खेळ पंधराव्या वळणापर्यंत गेला! ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माझे रणगाडे नीपरच्या काठाने दुदचानीपर्यंत उतरले, अगदी खरे उतरले होते तसे. त्याच्याकडे सैन्य होतं, पण पूर्वेच्या बाजूला तोफांना एकच खेप उरलेली. इन्हुलेत्स नदी त्या काठाचे दोन तुकडे करते आणि तिच्यावरचा दारिव्काचा पूल मी आधीच खिळखिळा केला होता, त्यामुळे खेरसनकडचा माल पूर्वेच्या बेरिस्लावकडे नेता येईना. पंधराव्या वळणात मन्याने आपणहून माघारीचा पत्ता टाकला. कोणी सुचवलं नव्हतं. दोन तृतीयांश काउंटर घेऊन गेला आणि म्हणाला, "लढून मरण्यापेक्षा हे बरं." मी त्या वाक्यावर दुसरा चहा पाजला.

लबाडीही सापडली. पहिल्या तीन वळणांत हल्ला न करता मन्याने सगळा माल उजव्या काठावर साठवला आणि मग ढिम्म बसला. आठ वळणं माझं काही चालेना. यावर उपाय म्हणजे साठा काउंटर पटावर उघडा ठेवायचा, आणि तो दोन वळणं एकाच हेक्समध्ये राहिला तर युक्रेनला तो दिसला असं धरायचं. खेरसनजवळच्या चोर्नोबायिव्काच्या विमानतळावर रशियनांनी किती वेळा तेच तेच करून मार खाल्ला ते आठवा. युक्रेनची बाजूही जास्त मोकळी नको. पॉड फुकट येत नाहीत. पोलंडच्या सीमेवर 1,435 च्या रुळांवरून 1,520 वर माल बदलायचा, मग अख्खा देश ओलांडायचा. शिवाय पाश्चात्त्यांनी दिलेल्या तोफा, एम777, सीझर, क्राब, पीझेडएच 2000, सगळ्या 155 मिलिमीटरच्या म्हणायच्या, पण सुटे भाग प्रत्येकीचे वेगळे. त्या प्राणिसंग्रहालयासाठी 'दुरुस्ती' खोकं केलंय, दर वळणी एक तोफ आत जातेच.

थोडं साहित्याबद्दल. फेरीचे नवे काउंटर एका दुकानातून दोन्ही बाजूंनी छापून घेतले, तर मागची बाजू दोन मिलिमीटर सरकलेली. उलटला की तराफ्याचं नाक गायब. परत छापायला दुप्पट पैसे मागितले, म्हणून आता एकेक बाजू छापून घरीच चिकटवतोय. बाइंडिंगवाल्यांचा दीड मिलिमीटरचा राखाडी पुठ्ठा घ्या, बाकी सगळा नाद आहे. खळ अजिबात नको, पावसाळ्यात पुठ्ठा होडीसारखा वाकतो. स्प्रेचा डिंक महाग पडतो, पण सपाट बसतो. बोहरी आळीतून जाड पोलादी पट्टी आणली. तीन वर्षं प्लॅस्टिकच्या पट्टीवर बोटं कापून घेतली त्याचं आता वाईट वाटतंय.

पुढचा बेत पूर्व युक्रेनमधल्या पोक्रोव्स्कच्या लढाईचा होता, हाच नियम 2025 ला लावायचा. हे लिहिता लिहिताच तो बारगळतोय. तिथे ड्रोनच आघाडीच्या मागे पंधरा-वीस किलोमीटर शिकार करतात, म्हणजे माझे दोन हेक्स. ट्रक तिथपर्यंत जातच नाही. पुढे रस्त्यांवर जाळ्यांचे बोगदे, त्यात युरोपातल्या मच्छीमारांनी दिलेली जुनी जाळीसुद्धा आहेत, त्याच्याही पुढे मोटरसायकल, चाकांचे रोबो, आणि शेवटी पाठीवर पिशवी घेतलेला माणूस. बारा ट्रक काउंटर घेऊन मी तिथे काय करू? सगळा खेळ नव्याने लिहावा लागेल.

त्यापेक्षा हाच पट उलटा फिरवला तर? डाव्या काठावरचं क्रिन्की गाव! ऑक्टोबर 2023, तीच नीपर, फक्त या वेळी चुकीच्या काठावर युक्रेनचे मरीन. पूल नाही, पाँटून (तरंगता पूल) नाही, नुसत्या होड्या आणि वरून पाण्याच्या बाटल्या टाकणारी जड ड्रोन, आणि तसे ते 2024 च्या उन्हाळ्यापर्यंत तग धरून राहिले. घाट क्षमता सुरुवातीपासूनच एक. रांगेचं खोकं तसंच, फक्त त्यात आता मन्याचे लोक. अडचण एकच, अख्खं गाव माझ्या एका हेक्सच्या कोपऱ्यात मावतं. कोपऱ्यात एक किलोमीटरच्या हेक्सचा छोटा नकाशा जोडावा लागेल. शिवाय 6 जून 2023 ला काखोवकाचं धरण फुटल्यावर वरच्या अंगाला जलाशयच उरला नाही, त्यामुळे पटाचा तो भाग नव्याने रंगवायचा. रंग आहे घरात.

क्रिमियाच्या पुलाचा पत्ता (8 ऑक्टोबर 2022 चा स्फोट) अजून फार जड वाटतोय. सध्या तो आला की दोन वळणं दूरच्या गोदामांच्या खेपा निम्म्या होतात. एकच वळण करून बघतो. शनिवारी आठवी टेस्ट. काका म्हणालेत की या वेळी ते स्वतः रशियाचे ट्रक हलवणार, फासे मात्र मन्याने टाकायचे.