लॅशेस लावायला सगळे शिकवतात, काढायचं कोण सांगणार?

तुळशीचं लग्न झालं की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोनच विषय, हळदीला काय नेसायचं आणि पार्लरवाली किती घेतेय. यंदा त्यात तिसरा घुसलाय, लॅशेस, म्हणजे पट्टीवाल्या खोट्या पापण्या. कळव्याची मामेबहीण विचारत होती, ताई तू घरीच लावतेस ना, मला पण सांग ना, ही बाई नुसत्या लॅशेसचे वेगळे पैसे मागतेय. तिला व्हॉइस नोट पाठवायला बसले आणि ती एवढी लांबली की म्हटलं लिहूनच टाकते.

खरेदी ठाण्यात जांभळी नाक्याला होते, ट्रेमध्ये जोड्याच जोड्या लावलेल्या असतात, पण घेताना केस किती दाट आहेत ते बघू नका, खालची पट्टी बघा. बँड बारीक आणि लवचिक हवा. जाड काळ्या पट्टीच्या लॅशेस डान्सच्या प्रोग्रामसाठी ठीक, गडकरी रंगायतनला शेवटच्या रांगेतल्या माणसाला पण डोळे दिसायला हवेत ना, पण हॉलमध्ये आत्या एक फुटावरून "कशी आहेस गं" म्हणत बघते तेव्हा डोळ्यावर झाडूचा तुकडा चिकटवल्यासारखं दिसतं. आणि बॉक्समध्ये जी इवलीशी ग्लूची ट्यूब फुकट येते ती माझ्या मते सरळ कचऱ्यात. ग्लू वेगळा घ्या. रबरी ग्लोव्हज किंवा फुग्याने ज्यांना खाज येते त्यांनी लॅटेक्स-फ्री लिहिलेलाच घ्यायचा, आणि कोणताही असला तरी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघायचा, लग्नाच्या सकाळी डोळे सुजल्यावर काही करता येत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. सलॉनमध्ये लॅश एक्स्टेन्शन, म्हणजे आपल्या पापणीच्या केसांना खोटे केस जोडून देतात, त्याचा ग्लू ऑनलाइन मिळतो आणि "आठवडाभर टिकतो" बघून लोक घेतात. तो सायनोअॅक्रिलेट असतो, म्हणजे फेविक्विकच्याच खानदानातला. तो ट्रेनिंग घेतलेली बाई एकेका केसाला लावते, त्वचेला लागू न देता. आपण पट्टीला फासून पापणीवर दाबला तर पुढचा कार्यक्रम डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

आता लावणं. लॅश आधी डोळ्यावर ठेवून मापून घ्या आणि जास्तीची लांबी बाहेरच्या टोकाकडून कापा, कारण आतल्या बाजूचे केस मुद्दाम आखूड ठेवलेले असतात, तिथून कापलं तर लांब केस नाकाजवळ येतात आणि ते फार विचित्र दिसतं. आतल्या कोपऱ्यापासून दोन-तीन मिलिमीटर सोडूनच सुरू करा, नाहीतर दर वेळी डोळा मिटला की टोचणार. कर्लर, मस्कारा हे सगळं आधी. काजळवाल्या बायकांनो, वरच्या पापणीला काजळ नंतर, कारण काजळात तेल-मेण असतं आणि त्याच्यावर ग्लू बसतच नाही, मग म्हणायचं ग्लू खराब निघाला.

ग्लूची बारीक रेघ, दोन्ही टोकांना किंचित जास्त, कारण सुटतात ती टोकंच. मग थांबायचं. इथेच सगळे घाई करतात. हा साधा ग्लू त्यातलं पाणी उडालं की चिकट होतो, म्हणून एसीच्या रूममध्ये अर्धा मिनिट पुरतो आणि जुलैमध्ये ठाण्यातल्या दमट हवेत तेवढ्यात काहीच होत नाही, ओला लावला की लॅश पापणीवर घसरत बसते. बोटाला तार सुटल्यासारखी वाटली की लावा. आरसा समोर नको, टेबलावर आडवा ठेवा आणि खाली बघा, पापणी आपोआप ताणली जाते. आधी मधला भाग, मग बाहेरचं टोक, मग आतलं, आपल्या केसांच्या मुळाशी अगदी लागून, डोळ्याच्या ओल्या कडेवर नाही. झालं.

काढणं हा खरा विषय आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. रात्री एक वाजता हॉलवरून आलेलो असतो, पाय सुजलेले, अंबाड्याच्या पिना टोचतायत, आणि त्या मूडमध्ये कोपरा धरून फर्रकन ओढायची इच्छा होते. ओढली की पट्टीबरोबर आपले चार केस येतात, मुळासकट. ते परत यायला दीड-दोन महिने सहज जातात, आणि दर सीझनला हेच केलं की ती जागा विरळ व्हायला लागते. घट्ट पोनीटेलने कपाळावरचे केस मागे सरकतात ना, तोच प्रकार, डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अॅलोपेशिया म्हणतात.

तर कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या पहिल्या बाहेर. मग कापसावर ऑइलवाला मेकअप रिमूव्हर, नाहीतर घरातलं खोबरेल (थंडीत बाटलीत गोठलेलं असेल तर तळहातावर चोळून पातळ करा), आणि तो कापूस मिटलेल्या डोळ्यावर मिनिटभर नुसता ठेवा. घासायचं नाही. काजळातल्या ज्या तेलाने घोळ केला असता तेच तेल आता कामाला येतं, ग्लू मऊ पडतो. मग इअरबड तेलात बुडवून पट्टीच्या कडेने फिरवा, बाहेरचं टोक उचललं जातंय का बघा, आणि आतल्या कोपऱ्याकडे हळूहळू सोडवत न्या. कुठे अडलं की थांबा, पुन्हा तेल. आपल्या केसांवर ग्लूचे कण राहिले तर नखाने खरवडू नका, तेल लावून दात वगैरे घासून या, तोवर ते सुटतात. नंतर थोडा वेळ धुरकट दिसतं, ते तेलामुळे, सौम्य फेसवॉशने चेहरा धुतला की जातं.

पट्टीवरचा सुकलेला ग्लू चिमट्याने काढा, पट्टी धरून, केस धरून नाही. तिचं तेल पण नीट पुसा, नाहीतर पुढच्या वेळी चिकटणार नाही. ट्रेमध्येच ठेवा म्हणजे बाक राहतो. आणि वहिनीने मागितल्या तरी द्यायच्या नाहीत, डोळे आलेले असतील तर घरभर फिरतात. वाईट वाटलं तर वाटू दे.

मॅग्नेटवाल्या, म्हणजे ग्लूऐवजी चुंबकाने बसणाऱ्या लॅशेसचं पण विचारलंय बऱ्याच जणींनी. मला जड वाटतात, बाकी ग्लूची अॅलर्जी असणाऱ्यांना बरा पर्याय. फक्त एमआरआयला जाताना त्या आणि त्या ज्याला चिकटतात तो लायनर दोन्ही काढून जा.

आणि कळवेकर मॅडम, पार्लरमध्येच लावून घेणार असशील तर लॅशेस आपल्या घेऊन जा आणि ग्लूची ट्यूब हातात घेऊन वाच, रात्री काढायच्या तुलाच आहेत.