पांढरं कार्ड आणि बारा आकडे

आमच्या घरचं रेशनकार्ड पांढरं आहे हे सांगितलं की लोक हसत. मी काळी-पिवळी चालवतो, बाबांच्या नावावर एक गुंठा वावर नाही, आणि कार्ड पांढरं! बाबा हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते तेव्हा पगाराच्या पावत्या जोडून वर्षाचं उत्पन्न लाखाच्या वर निघालं. लाखाच्या आत असतं तर केशरी. पुढं ती जिनिंग बंद पडली, बाबा गावी येऊन मोठेबाबांच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या, वावरात राबू लागले, पण कार्डाचा रंग उतरला नाही. बदलून घ्यायला दोनदा अर्ज दिला, मग नाद सोडला. रेशनचं धान्य मिळत नाही एवढाच तोटा, असं वाटायचं.

खरा तोटा २०१९ मध्ये कळला. आईच्या पित्ताशयात खडे निघाले. दवाखान्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा फलक होता म्हणून मी निश्चिंत होतो. टेबलावरच्या आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसानं, कार्ड पाहिलं आणि विचारलं, "सातबारा हाय का भाऊ?"

तेव्हाचा नियम असा होता. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाचा शेतकरीही बसायचा, पण सातबारा दाखवून. आमचा वर्धा जिल्हा त्या १४ मध्ये आहे. सातबारा मात्र मोठेबाबांच्या नावानं. म्हणजे डवरायला, फवारायला, वेचायला बाबा शेतकरी, आणि योजनेत कोणीच नाही. आईचं डोरलं मोडलं, दुभती गाय विकली, ऑपरेशन झालं.

त्या रात्री मोठेबाबा आठवण काढत होते, की पूर्वी सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्याला गावकरी सुगीत ज्वारी द्यायचे, त्याच्यावर वर्षभर उपचार व्हायचे. आता ऐकताना गंमत वाटते, पण विमाच होता तो. पायलीनं मोजलेला.

सरकारी योजना राज्यात आली २ जुलै २०१२ ला, राजीव गांधी जीवनदायी या नावानं. आधी आठच जिल्हे, त्यात विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती. आमच्याकडे ती २०१३ च्या नोव्हेंबरात पोचली. २०१७ मध्ये नाव बदललं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडणी झाली. यातलं काहीही आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. २८ जुलै २०२३ ला सरकारनं निर्णय काढला, की कार्डाचा रंग कोणताही असो, राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण, आणि उपचारांची यादी १,३५६ ची. प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै २०२४ पासून. आशाताईनं घरी येऊन सांगितलं होतं, "भाऊ, आता पांढरंवालेही बसतात, कार्ड काढून घ्या." मी म्हटलं, काढू दिवाळीनंतर.

डिसेंबरात कापसाची दुसरी वेचणी सुरू होती. शुक्रवारी सांजेला बाबा वावरातून आले आणि खाटेवर पडले. "मले काही झालं नाही रे, वायू धरला छातीत," म्हणत ओवा मागत होते. घामानं बंडी ओली, थंडीचे दिवस. आईनं ओवा दिला नाही, मला हाक मारली. मी १०८ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत बाबांना काळी-पिवळीत बसवून फाट्यावर आणलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, गोळ्या चावायला दिल्या, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं. त्या पोरसवदा डॉक्टरणीचे हात थरथरत नव्हते, माझे थरथरत होते. दोन तासांनी म्हणाल्या, धोका आत्ता टळला, पण उद्या अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नळ्यांची तपासणी, झालीच पाहिजे, शहरात न्या. एक रुपया लागला नाही. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत.

शहरातल्या खासगी दवाखान्यात योजनेचा फलक तोच, टेबलही तसंच. या वेळी सातबारा कोणी विचारला नाही. आरोग्यमित्र पोरगी होती, तिनं कार्ड उलटंपालटं करून विचारलं, "बारा आकडे कुठं आहेत?"

बारा आकडे म्हणजे रेशनकार्डाचा ऑनलाइन नंबर. पिवळ्या-केशरीवाल्यांचा बहुतेक असतो, कारण दुकानात अंगठा लावून धान्य उचलतात. आम्हाला धान्यच नाही, तर आमचं कार्ड संगणकात टाकायला कोण बसलं होतं? दारातला रंग पुसला होता, पण कडी आतून लागलेली. नंबर तहसीलच्या पुरवठा शाखेतून घ्यायचा. आणि दिवस कोणता, तर शनिवार.

काउंटरवरच्या माणसानं मग हिशोब मांडला. आत्ता अँजिओग्राफीचे १४ हजार भरा, योजनेचं मागाहून पाहू. वर हळू आवाजात, "योजनेतली स्टेंट साधी असते, पैसे भरून चांगली टाकून घ्या." मी १४ हजार भरले. माझ्या जागी कोणीही भरले असते, बाप आत आडवा असताना माणूस वाद घालत नाही. स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या नळीत बसवायच्या जाळीच्या, बाबतीत मात्र त्या आरोग्यमित्र पोरीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, स्टेंट पॅकेजमध्येच धरलेली आहे, वेगळा पैसा द्यायचा नसतो. आणि २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्रानं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटचा कमाल दर २९,६०० ठरला होता, तोवर त्याच लाखाच्या पुढं विकायचे. कोणी दीड लाखाची गोष्ट केली तर पावती मागा. दुसरं तिनं सांगितलं ते जास्त कामाचं होतं: तातडीच्या रुग्णाची कळवणी फोनवरून करून ठेवता येते, कागद मागून दिले तरी चालतात. तिनं तेवढं करून ठेवलं.

सोमवारी साडेनऊला मी तहसीलच्या पायरीवर होतो. पुरवठा शाखेत पहिलं भांडण नावावरून. रेशनकार्डावर बाबांच्या नावापुढं 'भाऊ', आधारवर 'राव'. गावात दोन्ही एकाच माणसाला म्हणतात, संगणकाला ते दोन माणसं वाटतात. बाबू म्हणाला, आधी नाव दुरुस्त करून आणा, मग पाहू. मी त्याच्यासमोर मोबाइलवर बाबांचा फोटो धरला, नाकात नळी असलेला. चांगलं केलं की वाईट, ठाऊक नाही, पण त्यानं खुर्ची सरकवली, आधारच्या झेरॉक्सवर काहीतरी खरडलं आणि आधारप्रमाणे नाव टाकून नंबर काढून दिला. दुपारचे दोन वाजले होते. मी तो नंबर तळहातावर बॉलपेननं लिहून घेतला, वर कागदही होता, तरी.

शहरात पोचलो तर आयुष्मान कार्डाची ओळख पटवणी अडली. बाबांचे अंगठे यंत्र घेईना. पंचवीस वर्षं पाने-हातोडे धरलेले, रेघाच उरल्या नाहीत. ओटीपी यावा तर आधारला जोडलेला मोबाइल नंबर जिनिंगमधल्या दिवसांचा, कधीचा बंद. शेवटी चेहऱ्यावरून झालं. आयसीयूच्या बाहेर चाकाच्या खुर्चीत बाबांना बसवलं, पोरगी म्हणाली, "बाबा, डोळे मिचकावा." बाबा मला म्हणाले, "ह्या वयात मले काय करायले लावते रे!" संध्याकाळी मंजुरीसाठी कागद, पट्ट्या, अँजिओग्राफीची सीडी गेली. रात्री उशिरा मंजुरी आली. मंगळवारी एक स्टेंट पडली. औषधं, तपासण्या, बाबांचं जेवण, सगळं पॅकेजमध्ये. माझं जेवण, झोपायची चटई, पार्किंगवाल्याचा त्रास आणि आठ दिवस बंद राहिलेली गाडी पॅकेजमध्ये नाही. गाडीचा हप्ता त्या महिन्यात थकला.

ते १४ हजार मी सोडले नव्हते. सुट्टी व्हायच्या आदल्या दिवशी योजनेच्या मदत क्रमांकाला, १५५३८८ ला, फोन लावला. पावतीचा नंबर, तारीख, रक्कम सांगितली. पलीकडच्या बाईंनी तक्रार लिहून घेतली. तासाभरात काउंटरवरच्या त्याच माणसानं बोलावलं, आवाज एकदम गोड. पैसे परत देतो म्हणाला आणि कोऱ्या कागदावर सही मागितली. मी वर '१४,००० रुपये परत मिळाले' असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली, मग सही केली. बाबांनी नियमांचा कागद कुठं वाचला कोण जाणे, पण निघताना तेही काउंटरवर थांबले. "अन् घरी जायचं एसटीचं भाडं? तेही तुमच्यातच येते ना?" त्यांना भाडं मिळालं. मला वाटतं त्या माणसानं ते स्वतःच्या खिशातून दिलं.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दहा दिवसांची औषधं दवाखान्याची होती. पुढचं आमचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या तालुक्याला मोफत मिळतात, संपल्या असल्या की मेडिकलमधून आणायच्या, आणि डिसेंबर ते मार्चमध्ये दोनदा संपल्या. ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी तीनदा सांगितलं आहे. योजना दवाखान्यात भरती असताना माणसाला सांभाळते. गावात बसून रोज गोळी घेणाऱ्याचा खर्च बहुतेक त्याचाच.

आता घरातल्या सगळ्यांची कार्डं काढली. पाच लाख माणशी नाहीत, अख्ख्या कुटुंबात मिळून आहेत, हे आईला दोनदा समजावलं. राहिले मोठेबाबा. त्यांचं कार्ड पहिल्यापासून पिवळं, ते २०१३ पासून योजनेत बसतात, पण एकदाही त्यांनी नाव नोंदवून पाहिलं नाही. परवा सेवा केंद्रात नेलं, त्यांचेही अंगठे उमटेनात, आणि मोतीबिंदूमुळं डोळे मिचकावलेले कॅमेऱ्याला कळेनात. पोरगा म्हणाला, सोमवारी या, दुसरं यंत्र मागवतो. सोमवारी आमच्या कापसाचा काटा आहे. मंगळवारी नेतो.