हरणांसाठी सफरचंद: आमच्या रोपवाटिकेची वाटचाल

अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या लोअर पेनिन्सुलामध्ये आम्हा पती-पत्नींची एक छोटी रोपवाटिका आहे. येथे आम्ही सफरचंद आणि क्रॅबॲपल (लहान, आंबट फळांचे सफरचंद) यांची कलमे बांधतो, मात्र ती बाजारात फळे विकणाऱ्या बागायतदारांसाठी नसतात. आमचे ग्राहक ही झाडे जंगलाच्या कडेला किंवा पडीक शेतात लावतात आणि फळ तोडत नाहीत. ते पिकून खाली पडते आणि पांढऱ्या शेपटीची हरणे ते खातात. यातील काही ग्राहक शिकारी आहेत, तर काहींना आपल्या जमिनीवर हरणे फिरताना पाहायची असतात. मी विदर्भातल्या वरुड तालुक्यात, शेंदूरजनाघाटच्या संत्रा कलमांच्या परिसरात वाढलो. तिथे रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी माणसे रात्र-रात्र जागलीला जातात. त्यामुळे हरणांनी यावे म्हणून लोक पैसे मोजतात, हे गावाकडच्या मंडळींना आजही पटवून सांगावे लागते.

व्यवसायाची कल्पना आम्हाला पडीक शेतांनी दिली. ग्रँड रॅपिड्सच्या वायव्येला सफरचंदाचा जो प्रसिद्ध पट्टा आहे, तेथील एका मोठ्या बागेत मी आधी नोकरी करत होतो. त्या बागेत तारांच्या आधाराने उभी केलेली, एम ९ या खुंटावरची (ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात, तो खुंट) बुटकी झाडे होती. त्यांना ठिबकचे पाणी, वेळापत्रकानुसार फवारणी आणि दर हिवाळ्यात छाटणी मिळत असे. त्याच भागात जुन्या, सोडून दिलेल्या वस्त्यांभोवती मात्र बियांच्या मुळांवर वाढलेली उंच, पसरलेली झाडे कोणाच्याही देखभालीशिवाय अनेक दशके उभी होती आणि शरद ऋतूत त्यांच्याखालची जमीन हरणांच्या खुरांनी तुडवलेली असे. फळ हरणांसाठी हवे असेल, तर बाजाराच्या बागेचा नमुना उपयोगाचा नाही, झाड स्वतःच्या बळावर जगले पाहिजे, हे आम्हाला तिथे दिसले. त्यानंतरचा आमचा प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीवर आधारलेला आहे.

संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला खुंटाचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. खुंट जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, जमीन भारी की हलकी, डिंक्या (बुंधा कुजवून डिंक गाळणारा रोग) किती येतो, ही चर्चा मी लहानपणापासून ऐकत आलो. येथे ग्राहक आले की पहिला प्रश्न वाणाचा विचारतात, आणि आम्ही त्यांना पहिला प्रश्न जमिनीचा विचारतो. एम ९ आणि एम २६ हे खुंट आम्ही सुरुवातीपासूनच ठेवले नाहीत. एम ९ ची मुळे ठिसूळ असतात आणि त्याला जन्मभर आधार लागतो. शिवाय आठ-दहा फुटांच्या झाडाच्या फांद्या हरणाच्या तोंडाशीच येतात. मागच्या पायांवर उभे राहून हरीण सहा फुटांपर्यंत सहज पोहोचते. त्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने ते डहाळी कापत नाही, ओढून फाडते, आणि बुटक्या झाडाची फळे पिकण्याआधीच फांद्या जातात. तिसरे कारण फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाचे आहे. मे २००० मध्ये नैऋत्य मिशिगनमध्ये या रोगाची जी मोठी साथ आली, तिच्यात या दोन खुंटांवरच्या बागाच्या बागा मेल्या, कारण रोग फुलोऱ्यातून खाली उतरून खुंटापर्यंत पोहोचला की झाड वाचत नाही.

आमचे बहुतेक काम मोजक्या खुंटांवर चालते. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग आणि मर्टन येथील संशोधकांनी नॉर्दर्न स्पाय या वाणाच्या संकरातून एमएम मालिकेचे खुंट तयार केले, आणि त्या वाणामुळे त्यांच्यात लोकरी मावा या रस शोषणाऱ्या किडीचा प्रतिकार आला. त्यांपैकी एमएम १११ हा पाण्याचा ताण चांगला सोसतो, त्यामुळे रेताड जमिनीसाठी आम्ही तोच सुचवतो. त्याच मालिकेतील एमएम १०६ फळाला लवकर येतो, पण निचरा नसलेल्या जमिनीत त्याची बुंधाकूज होते. संत्र्याची डिंक्याने गेलेली झाडे पाहिलेली असल्यामुळे चिकण जमिनीच्या ग्राहकाला मी तो देत नाही, मग तो कितीही आग्रह करो. रशियातील मिचुरिन्स्क येथून आलेला बी ११८ थंडी उत्तम सहन करतो, जवळजवळ पूर्ण आकाराचे झाड देतो आणि साधारण चार-पाच वर्षांत फळ धरू लागतो. त्याची पाने लालसर असल्याने बुडाशी खुंटफूट (कलमाऐवजी खुंटातून फुटलेली फांदी) आली, तर नवख्या माणसालाही ती ओळखून काढता येते. राज्याच्या उत्तरेकडील ग्राहकांसाठी अँटोनोव्हका या रशियन वाणाच्या बियांपासून वाढवलेला खुंट आम्ही ठेवतो. तो खोल मूळ धरतो आणि कडाक्याची थंडी सोसतो, मात्र फळासाठी बरीच वर्षे थांबायला लावतो. हे थांबणे आम्ही ग्राहकाला विक्रीपूर्वीच सांगतो, कारण नातवंडांसाठी झाड लावणारा माणूस आणि पुढच्या चार वर्षांत फळ हवे असलेला माणूस यांना एकच कलम देणे योग्य नाही.

वाणांच्या बाबतीत आमची कसोटी बाजाराच्या कसोटीच्या उलट आहे. मोठ्या बागेत पिकण्याआधी होणारी फळगळ हे नुकसान मानले जाते आणि ती थांबवण्यासाठी संजीवकांची (वाढीवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांची) फवारणी केली जाते. आमच्याकडे मात्र फळ कधी गळते आणि किती आठवडे गळत राहते, यावरच वाणाची किंमत ठरते. मॅकिंटॉश आपोआप गळणाऱ्या वाणांमध्ये प्रसिद्ध आहे, तरीही आम्ही तो विकत नाही, कारण फवारणी नसलेल्या ठिकाणी स्कॅब या बुरशीजन्य रोगाने त्याची पाने उन्हाळ्यातच झडतात आणि अशक्त झालेले झाड पुढच्या वर्षी फळ धरत नाही. त्याच्याच कुळातला लिबर्टी हा वाण न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हाच्या संशोधन केंद्राने १९७८ मध्ये प्रसारित केला. त्यात एका जपानी क्रॅबॲपलपासून आलेला स्कॅब-प्रतिकार आहे, आणि तांबेरा व फायर ब्लाइट यांनाही तो चांगला तोंड देतो. परड्यू, रट्गर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांच्या संयुक्त कार्यक्रमातून आलेला एंटरप्राइज ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत झाडावर टिकतो. फवारणीशिवाय वाढवायच्या झाडांमध्ये मला या दोघांइतका भरवसा दुसऱ्या कोणाचा वाटत नाही.

त्याच कार्यक्रमातील गोल्डरश हा चवीला मला सर्वांत आवडणारा वाण आहे आणि तो उशिरापर्यंत झाडावर लटकतो, पण तांबेऱ्यापुढे तो टिकत नाही. हा रोग आपले अर्धे आयुष्य ईस्टर्न रेड सीडर या झाडावर काढतो. वसंतात उबदार पाऊस झाला की सीडरच्या डहाळ्यांवरील तपकिरी गाठींतून नारिंगी, जेलीसारखी लिबलिबीत शिंगे बाहेर येतात, आणि त्यांतून उडालेले बीजाणू सफरचंदाच्या कोवळ्या पानांवर पिवळे-केशरी ठिपके पाडतात. पडीक जमिनीवर सीडर आपोआप उगवते, म्हणजे नेमकी आमची झाडे जिथे जातात तिथेच ते असते. म्हणून जमिनीवर सीडर असल्यास आम्ही गोल्डरश देत नाही. येथील देशी क्रॅबलाही तोच त्रास होतो.

क्रॅबॲपलबद्दल एक गैरसमज आम्हाला सतत दूर करावा लागतो. शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या अनेक क्रॅबॲपलची फळे वाटाण्याएवढी असतात आणि हिवाळाभर फांदीवरच राहतात. ती पक्षी खातात, हरणांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. आम्ही इंच-दीड इंचाची आणि जमिनीवर पडणारी फळे देणारे वाण निवडतो. फळझाडांचे संशोधक नील्स हॅन्सन यांनी १८९७ मध्ये रशियातून आणलेल्या बियांमधून निवडलेला डॉल्गो थंडीत अतिशय काटक आहे आणि ऑगस्टच्या अखेरीपासून लालभडक फळांचा सडा टाकतो. सप्टेंबरसाठी मिनेसोटा विद्यापीठाचा चेस्टनट आहे. कॅनडातील मॉर्डन येथे डॉल्गो आणि हॅरल्सन हे सफरचंद यांच्या संकरातून तयार झालेला केर मात्र पाने झडल्यावरही फळे धरून ठेवतो आणि थंडीत हळूहळू सोडतो. मिशिगनमध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला आणि बंदुकीचा १५ नोव्हेंबरला सुरू होतो, त्यामुळे शिकारी ग्राहक सगळीच झाडे उशिराची मागतात. आम्ही त्यांना आग्रहाने लवकरचे आणि मधल्या काळातलेही वाण घ्यायला लावतो. परागीकरणासाठी एकापेक्षा जास्त वाण लागतातच. शिवाय २०१२ मध्ये मार्चमधल्या अवेळी उन्हाळ्याने झाडे लवकर फुलली आणि एप्रिलच्या कडाक्याने राज्यातील सफरचंदाचे सुमारे ९० टक्के पीक गेले, हे आम्ही विसरलेलो नाही. डॉल्गो लवकर फुलतो, म्हणून एकट्या त्याच्यावर कोणी अवलंबून राहू नये.

हरणांना खाऊ घालणे म्हणजे परोपकार, अशी जाहिरात आम्ही कधीही केली नाही. सफरचंदात पाणी आणि साखर असते, प्रथिने जवळजवळ नसतात. हिवाळ्यासाठी चरबी साठवायला हरणांना ओकची फळे अधिक उपयोगी पडतात, त्यामुळे जागा असेल तिथे ओक लावा, असे आम्ही स्वतःचे नुकसान सोसूनही सांगतो. दुसरा मुद्दा रोगाचा आहे. मिशिगनच्या मोकळ्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा असाध्य रोग २०१५ मध्ये आढळला आणि २०१९ मध्ये लोअर पेनिन्सुलात हरणांसाठी मका, बीट, सफरचंद यांचे ढीग टाकण्यावर बंदी आली, कारण एका ढिगावर तोंडाला तोंड लावून खाणाऱ्या जनावरांमध्ये रोग पसरण्याची भीती असते. जमिनीत लावलेल्या झाडाचे आपोआप पडलेले फळ या बंदीत येत नाही. तरीही झाडे एका जागी दाटीने लावू नयेत, ती लांब-लांब विखरून लावावीत, हा सल्ला आम्ही लेखी देतो, आणि पडलेली फळे गोळा करून ढीग करणाऱ्या ग्राहकाला स्पष्ट शब्दांत थांबवतो.

कलमाबरोबर जाळीचा पिंजरा घेणार नसाल, तर कलमही घेऊ नका, असा आमचा नियम आहे. पाच फूट उंचीची वेल्ड केलेली जाळी चार फूट व्यासात उभी केली नाही, तर ज्या हरणांसाठी झाड लावले, तीच पहिल्या हिवाळ्यात त्याचे शेंडे खातात, आणि पुढे शरद ऋतूत नर शिंगे घासून साल सोलतात. बुंध्याभोवती बारीक छिद्रांची दुसरी जाळी लागते, कारण बर्फाखालून फिरणारे व्होल नावाचे लहान उंदीर साल गोलाकार कुरतडतात आणि नुकसान बर्फ वितळल्यावरच दिसते. उन्हाळ्यात ग्राहकाने वर्षातून एकदा तरी गुडघ्यावर बसून बुंध्याजवळची माती बाजूला करावी. तिथे भुशासारखा केशरी चुरा दिसला, तर आत खोडकिडा आहे. संत्र्याच्या बागेत साल खाणाऱ्या अळीच्या भोकात तार घालून ती मारायला वडिलांनी मला शिकवले होते. तेच काम येथे मी ग्राहकांना करून दाखवतो, आणि एवढ्यावर झाड वाचते.

कलमे बांधण्याचे काम माझी पत्नी फेब्रुवारी-मार्चमध्ये, खोलीत बसून, जिभली कलमाने (दोन्ही काड्यांना जिभेसारखी खाच पाडून त्या एकमेकींत बसवून) करते; तिचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ आहे आणि सांधा जुळण्याचे प्रमाणही तिच्याच कलमांत अधिक असते. सध्या आम्ही कॉर्नेल विद्यापीठ आणि अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संयुक्त कार्यक्रमातील जी ८९० या खुंटाची आमच्या सर्वांत भारी, पाणी धरणाऱ्या तुकड्यात बी ११८ च्या शेजारी चाचणी घेत आहोत. फायर ब्लाइट आणि लोकरी मावा या दोन्हींना तो प्रतिकार करतो, मात्र झाड बी ११८ पेक्षा लहान होते. त्याच्या खालच्या फांद्या हरणांच्या पोहोचेबाहेर नेता येतात की नाही आणि आधाराशिवाय फळांचा भार तो पेलतो की नाही, हे पाहिल्यानंतरच त्याचे नाव आमच्या विक्रीच्या यादीत येईल.