'मीठ कमी'चा दिवा लागला, पोतं उघडू का?

नाशिकच्या गंगापूर रोड, त्र्यंबक रोडकडच्या बंगल्यांतून हा प्रश्न सारखा येतो: "स्विमिंग पूलच्या सॉल्ट क्लोरिनेटरवर 'मीठ कमी' दाखवतंय, किती पोती टाकू?" तुम्हीही तेच विचारलंत. आत्ता तरी एकही नको.

पूलमधलं मीठ वापरून संपत नाही. क्लोरिनेटरच्या सेलमध्ये, म्हणजे पाण्यात वीज सोडणाऱ्या धातूच्या प्लेटांच्या डब्यात, मिठापासून क्लोरीन तयार होतो आणि काम झालं की पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यातच राहतो. मीठ घटतं ते पाणी बाहेर गेल्यावर: बॅकवॉश (उलट्या प्रवाहानं फिल्टर धुणं), गळती आणि पावसाळ्यात काठावरून ओसंडणारा पूल. त्यामुळे ऑगस्टमधला दिवा बहुधा खरा, जानेवारीतला बहुधा खोटा. बरीच यंत्रं मीठ थेट मोजत नाहीत, प्लेटांमधून जाणाऱ्या करंटवरून अंदाज बांधतात. पाणी गार पडलं, प्लेटांवर क्षार चढला, टर्मिनल ढिलं झालं किंवा सेल म्हातारा झाला, तरी दिवा तोच लागतो.

म्हणून आधी क्लोराइडच्या पट्टीनं मीठ मोजा. साधा टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) मीटर बोअरच्या पाण्यातले बाकीचे क्षारही त्यात धरतो. ८ बाय ४ मीटरचा, सरासरी सव्वा मीटर खोल पूल म्हणजे ४०,००० लिटर. त्यात १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) वाढवायला ४० ग्रॅम मीठ लागतं. पट्टी २,८०० पीपीएम दाखवते आणि हवं आहे ३,२००, तर १६ किलो पुरे, अख्खं पोतं नाही. मीठ शुद्ध, आयोडीन नसलेलं घ्या. वॉटर सॉफ्टनरसाठीच्या मिठाच्या गोळ्या चालतात. ते विरघळेपर्यंत पंप चालू आणि सेल बंद, साधारण २४ तास.

मीठ बरोबर निघालं, तर सेल उघडून बघा. आपल्या बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यात सेलमध्ये पीएच वाढतो आणि प्लेटांवर पांढरा थर बसतो. धुताना वीज बंद, हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. बादलीत आधी १० भाग पाणी, मग त्यात १ भाग ३० टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक ॲसिड. उलट कधीच नाही. टर्मिनल कोरडे ठेवून प्लेटा ५ ते १० मिनिटं बुडवा, फेस थांबला की काढा. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलंत तर टायटॅनियमवरचा रुथेनियम-इरिडियमचा लेप जाईल आणि तो घरी पुन्हा चढवता येत नाही. दर महिन्याला हौसेनं ॲसिड दाखवणंही तितकंच वाईट. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये राखला, तर थर मुळात उशिरा बसतो.

आता वायरिंग. हे काम परवानाधारक वायरमनचंच, पण त्यानं काय करायला हवं ते तुम्हाला माहीत हवं. क्लोरिनेटरची वीज पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या (पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) आउटपुटवरून घ्यायची, म्हणजे पंप थांबला की सेलही थांबतो. नाहीतर सेलमध्ये क्लोरीनबरोबर तयार होणारा हायड्रोजन साचलेल्या पाण्यात गोळा होतो. पाणी वाहायचं थांबलं की सेल बंद करणारा फ्लो स्विच हा दुसरा पहारेकरी. तो बायपास करून 'चालू करून दिलं' म्हणणाऱ्याला पुन्हा बोलावू नका. थ्री-फेज पंपाच्या मोटरकडे बहुधा तीनच वायर जातात, न्यूट्रल नसतो. दोन फेज जोडले की २३० व्होल्टच्या युनिटवर ४१५ येतात आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. न्यूट्रल वेगळा आणायचा, तोही फेज ज्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून (करंट गळताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून) येतो त्यातूनच. दुसरीकडून घेतला तर आरसीसीबी सारखा पडत राहील. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर त्याच्या आउटपुटवरून काहीही घेऊ नका, रिले लावा. युनिट पूलच्या काठापासून साडेतीन मीटरपलीकडे, सावलीत हवं आणि ॲसिडचा कॅन त्याच खोलीत नको. त्याच्या वाफेनं टर्मिनल हिरवे पडतात, करंट घटतो आणि मग तोच दिवा.

सेलची जागा फिल्टर आणि सोलर हीटर दोन्हींच्या नंतर.

डिसेंबर-जानेवारीत पाणी १५ अंशांच्या आसपास आलं की बरीच यंत्रं क्लोरीन कमी करतात किंवा थांबतात. तेवढे दिवस लिक्विड क्लोरीन हातानं टाका. मीठ, क्षार, जोडण्या, तापमान सगळं ठीक असूनही करंट येत नसेल आणि सेल १०,००० तासांच्या आसपास चालला असेल, तर त्याचं आयुष्य संपलं.

आणि पोती आधीच ओतून झाली असतील, तर जास्तीचं मीठ काढायला पाणी उपसून गोडं भरणं हाच एक उपाय. ते पाणी, आणि रोजचा बॅकवॉशही, शेजारच्या द्राक्षबागेत सोडू नका. वेलीला मीठ सोसत नाही आणि सोडियमनं काळी माती चोपण, म्हणजे घट्ट आणि निचरा न होणारी, होते. ड्रेनेजला जोडा, बोअरजवळच्या शोषखड्ड्याला नाही.