आधी कोण बोललं?

परक्या जीवाला आवाज द्यायचा कसा, यावरून आमच्या स्टुडिओत बरेच दिवस काथ्याकूट चालला होता. पुण्यात एका विज्ञान-भयकथेची ऑडिओ मालिका आम्ही करत होतो आणि तिच्यात माणसाच्या अंगात शिरणारा एक जीव होता. लेखकाला तो घोगरा, पिच खाली उतरवलेला हवा होता. दिग्दर्शिकेच्या डोक्यात कुजबुजीचे थर होते. मी ध्वनिमुद्रक, दोन्ही करून देणं माझ्या हातातलं. पण मला मनापासून वाटत होतं, की अशानं ऐकणारा फार तर दचकेल, घाबरणार नाही. शेवटी रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये बसवलं, दिवे मंद केले आणि ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतला ‘मिडनाइट’ हा भाग लावला.

बीबीसी वनवर तो १४ जून २००८ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. लेखन रसेल टी. डेव्हिस यांचं, दिग्दर्शन अ‍ॅलिस ट्राउटन यांचं. हिऱ्यांचा एक ग्रह. त्यावरचा सूर्यप्रकाश इतका जहाल, की उघड्यावर काही जगूच शकत नाही. पर्यटकांना धबधबा दाखवायला निघालेली बंद गाडी वाटेत थांबते आणि बाहेरून कुणीतरी ठोठावतं. पाऊण तासात राक्षस एकदाही दिसत नाही. जवळपास सगळं नाट्य एका डब्यात आणि मूठभर प्रवाशांत घडतं. एक प्राध्यापक नि त्यांची मदतनीस, एक जोडपं आणि त्यांचा तरुण मुलगा, नुकतीच जोडीदारापासून वेगळी झालेली स्काय, गाडीतली होस्टेस आणि मालिकेचा नायक, ज्याला सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात. त्याची सोबतीण डॉना या प्रवासात नाही, कारण ती भूमिका करणारी कॅथरीन टेट त्या सुमारास पुढच्या भागाच्या चित्रीकरणात गुंतली होती. चित्रीकरणाची ही सोय कथेच्या केवढी पथ्यावर पडली! डॉक्टर हा बोलून संकटातून सुटणारा माणूस. ‘हा भला आहे’ असं सांगणारं कुणी शेजारी नसलं, की तेच बोलणं त्याच्या अंगाशी येतं.

तो जीव स्कायच्या अंगात शिरतो आणि करतो काय, तर समोरचा बोलेल ते बोलतो. आधी जरासं मागून. मग अगदी बरोबरीनं. मग बाकीच्यांना सोडून फक्त डॉक्टरच्या बरोबर. आणि एका क्षणी स्काय आधी बोलते, डॉक्टर तिच्या मागून. लेस्ली शार्प या अभिनेत्रीला त्यासाठी आपल्याच नव्हे, सगळ्यांच्या संवादांची तयारी करावी लागली. डबिंग करणाऱ्यांना विचारा, समोरच्याच्या श्वासाबरोबर श्वास घेऊन बोलणं काय असतं ते.

भाग संपल्यावर लेखक म्हणाला, “पडद्यावर ठीक आहे, चेहरे दिसतात. नुसत्या आवाजात कळणार कसं, कोण कुणाच्या मागून बोलतंय?”

प्रश्न बिनतोड होता आणि त्याची तयारी मी करून ठेवली होती. आमच्यातल्या ज्येष्ठ अभिनेत्री, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, आणि एक तरुण नट यांना मी आधीच एक पानभर मजकूर दिला होता. सुरुवातीला तो मनाला येईल ते बोलणार, ताई मागून उचलणार. मग ठरलेला मजकूर दोघं एकदम म्हणणार. पान आहे हे बाकी कुणाला ठाऊक नव्हतं. दोघं बूथमध्ये समोरासमोर बसले, दोन माइक, दोन ट्रॅक, कानांवर हेडफोन.

पहिली दोन-तीन वाक्यं मजेत गेली. तो म्हणाला, “काल रात्री झोपच नाही, पार दमलोय मी.” मागोमाग ताईंचा शांत आवाज, “पार दमलोय मी.” इथे कुणीतरी हसलं. पुढच्या वाक्याला कुणी हसलं नाही.

मग तो अडखळायला लागला. ध्वनीच्या धंद्यात हे माहीत असतं, की बोलणाऱ्याला त्याचाच आवाज साधारण एक पंचमांश सेकंद उशिरा ऐकवला, तर भला वक्ताही चाचरतो. १९५० पासून त्यावर प्रयोग झालेत. इथे आवाज दुसऱ्याचा होता, पण शब्द त्याचेच, आणि तेही हेडफोनमधून थेट कानात. तो पाठ केलेल्या मजकुरापाशी पोचला आणि तिसऱ्या ओळीवर पान त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं. ताई थांबल्या नाहीत. त्याच्या ओठांवरची नजर जराही न हलवता त्या बोलत राहिल्या. मग दोन्ही आवाज पुन्हा जुळले, इतके घट्ट, की कंट्रोल रूममध्ये एकच जाड आवाज ऐकू येऊ लागला.

त्यानंतर आमच्या खोलीत जे झालं ते मी विसरणार नाही. आधी एक नट म्हणाला, “ताईंना थांबवा, त्या बिचाऱ्याला बोलू देत नाहीयेत.” लेखक म्हणाला, “ताई नाही, तोच काहीतरी वेगळं करतोय.” दिग्दर्शिकेचा हात टॉकबॅकच्या, म्हणजे बूथमधल्यांशी बोलायच्या बटणाकडे जाऊन परत आला. मग मागून कुणीतरी वैतागून बोललं, “अरे, त्याला बाहेर काढा ना आधी!” आत्ताच पडद्यावर त्या डब्यातल्या सभ्य माणसांना याच वाटेनं जाताना आम्ही पाहिलं होतं. आधी संशय स्कायवर, मग डॉक्टरवर, आणि मग दार उघडून ढकलून देण्याची भाषा. आणि आम्ही तर चहा पिऊन सोफ्यावर बसलेलो.

केबल गुंडाळायला आणि माइकचे स्टँड लावायला नव्यानं आलेली एक सहायक मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी होती. ती हळूच म्हणाली, “दादा, आता ताई पुढे आहेत.”

मी स्क्रीनवरचा आलेख मोठा केला. वर त्याचा ट्रॅक, खाली ताईंचा. “मी आता बाहेर आले,” हे वाक्य चाललं होतं आणि ‘बाहेर’मधल्या ‘ब’चा टोकदार उंचवटा खालच्या ट्रॅकवर आधी उठला होता, वरच्यावर नंतर. पुढच्या शब्दालाही तेच. वीस-पंचवीस मिलिसेकंदांचा फरक. इतक्या अंतरानं आलेले दोन आवाज कान एकत्रच धरतो, म्हणून आम्हाला कुणाला वेगळं ऐकू येत नव्हतं. तो तरुण, पिळदार आवाजाचा नट, “आले” म्हणत होता.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. तो बाहेर आला, घटाघटा पाणी प्यायला आणि म्हणाला, “मला वाटत होतं मीच बोलतोय.” ताईंनी त्याला शेजारी बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही.

मूळ भागात डॉक्टरचे खास शब्द स्कायच्या तोंडी ऐकून खरा प्रकार होस्टेसच्या लक्षात येतो. दार उघडून ती स्कायला घेऊन बाहेर झोकून देते. मागे उरलेल्यांना डॉक्टर तिचं नाव विचारतो, तर ते कुणालाच माहीत नसतं. मला हा भाग ज्या कारणासाठी इतका मोठा वाटतो ते हेच. भीती बाहेरून ठोठावते खरी, पण आत कोण कुणाकडे बघतं, कोण कुणाला ऐकतं, यावर माणसं जगतात किंवा मरतात. घोगरा आवाज लावून हे येत नाही.

लेखकानं संहितेतल्या पिचच्या सगळ्या सूचनांवर तिथल्या तिथे रेघ मारली. आमच्या जीवालाही स्वतःचा आवाज नसेल, असं ठरलं. उरला प्रश्न मिक्सिंगचा. एक आवाज डावीकडे नि एक उजवीकडे ठेवला, तर ऐकणाऱ्याला आयतं उत्तर मिळतं, म्हणून दोन्ही मधोमध घेतले. कोण आधी बोललं, एवढाच पुरावा. मी अंतर वीस मिलिसेकंदांवरच ठेवणार होतो, पण त्या सहायक मुलीनं हरकत घेतली. लोक हे पीएमपीच्या बसमध्ये, एका कानात इअरफोन घालून ऐकणार, तिथे वीस कुणाला कळणार? तिनं स्वतः माउस घेतला, ताईंचा ट्रॅक जरा जरा पुढे सरकवत ऐंशीपर्यंत नेला आणि मोबाइलच्या स्पीकरवर सगळ्यांना ऐकवला. तेच कायम केलं.