आमचं स्नेहसंमेलन आणि कंडक्टर काकांचं मोडीवाचन

दरवर्षी संक्रांत झाली की पुढच्या रविवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं स्नेहसंमेलन असतं. शाळेचा हॉल मिळतो, दारात तिळगुळाची ताटं, आत पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार वगैरे सगळं असतंच. पण मी वर्षभर वाट बघते ती त्यानंतरच्या तासाची, तेव्हा प्रत्येक गट वर्षभरात काय शिकला ते करून दाखवतो.

हे सुरू झालं आमच्या एका मेंबर ताईंमुळे, मुलाकडे इंग्लंडला सहा महिने राहून आल्या होत्या. तिकडे १९८२ पासून यूथ्रीए म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज चालते म्हणाल्या, परीक्षा नाही, डिग्री नाही, ज्याला जे येतं त्याने ते बाकीच्यांना शिकवायचं. मूळ कल्पना फ्रान्समधल्या तुलूझची, १९७३ ची, पण तिथे विद्यापीठ शिकवायचं आणि इंग्लंडात म्हाताऱ्यांनीच एकमेकांना शिकवायला घेतलं, मला तर हेच जास्त आवडलं! मग आमच्याकडेही मोबाईलचा गट झाला, बाजाच्या पेटीचा झाला आणि मोडी लिपीचा झाला. पहिल्या वर्षी एका आजींनी चहाच्या टेबलावर स्वतः क्यूआर कोड स्कॅन करून दहा रुपये दिले, तेव्हा अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या होत्या.

पण विसरता येत नाही ते कंडक्टर काकांचं वाचन. एसटीतून रिटायर झालेले, सगळे त्यांना कंडक्टर काकाच म्हणतात. घरच्या पेटीत पणजोबांच्या वेळचा एक कागद होता, तीन पिढ्या कुणाला वाचता आला नव्हता, तो वाचायला म्हणून ते मोडी शिकायला बसले. मोडीत आधी ओळभर रेघ मारून घेतात आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, त्यामुळे कुठे तोडायचं तेच कळत नाही. काका स्टेजवर भिंग घेऊन एकेक अक्षर वाचत होते आणि तिसऱ्या ओळीत अडकले. मिनिटभर हॉलमधे कुणी खोकलंसुद्धा नाही. मग एकदम म्हणाले, "बैलजोडी! बैलजोडी गहाण ठेवलीय." आणि शेवटी पणजोबांचं नाव वाचताना त्यांचा आवाजच फुटेना, बाजूला बसलेल्या नातवाने पाण्याचा ग्लास दिला, मग परत पहिल्यापासून वाचलं, या वेळी न अडखळता.

त्या कागदाची झेरॉक्स अजून आमच्या नोटीस बोर्डवर आहे. यंदा मोडीला पाच नवीन जण आलेत, दोघांकडे घरचे जुने कागद आहेत म्हणे. कटनिबची पेनं कमी पडतायत, उद्या अप्पा बळवंत चौकात जाऊन आणायचीत.